आधी 'श्रम', मग तिकीट : नेपाळी कामगाराने परदेशी नोकरीला कायदेशीर वाटेने कसं जावं

रत्नागिरीच्या ट्रॉलरवरचा खलाशी, देवगडच्या हापूस बागेचा राखणदार, पुण्यातल्या सोसायटीचा वॉचमन, गोव्याच्या शॅकमधला कुक. नेपाळी माणूस आपल्याकडे नवा नाही. यातल्या बऱ्याच जणांचा पुढचा बेत कतार, दुबई किंवा मलेशियाचा असतो, आणि मालकाला किंवा सोसायटीच्या सेक्रेटरीला ते कधीतरी विचारतातच : "मुंबईहून डायरेक्ट जाता येईल ना, साहेब?"

नाही. नेपाळी नागरिकाची परदेशी नोकरीची कायदेशीर वाट काठमांडूवरून जाते. हा लेख त्या कामगारासाठी आहे, तसाच त्याचे कागद वाचून दाखवणाऱ्या मराठी माणसासाठीही. नेपाळी कागद देवनागरीतच असतात, त्यामुळे ही मदत कुणालाही करता येते.

मुंबईचा शॉर्टकट का नको

1950 च्या करारामुळे नेपाळी माणसाला भारतात काम करायला परवाना लागत नाही. बनबासाची सीमा ओलांडली, गाडी पकडली, दोन-तीन दिवसांत कामावर हजर. दहा-बारा वर्षं अशी ये-जा केलेल्या माणसाला परवाना, करार, विमा या गोष्टींशी कधी संबंधच आलेला नसतो. म्हणूनच दलालाला तो सोपा सापडतो.

भारत सोडून इतर देशांत नोकरीला जाण्यासाठी नेपाळचा 2007 चा वैदेशिक रोजगार कायदा लागू होतो. त्यानुसार 'श्रम स्वीकृति' लागते. बोलताना सगळे नुसतं 'श्रम' म्हणतात : "श्रम लागला का?" म्हणजे परवाना निघाला का. कामगार पाठवणाऱ्या कंपनीने त्याला नेपाळच्याच विमानतळावरून पाठवावं, असंही हाच कायदा सांगतो. नेपाळी पासपोर्टवर भारतातून आखातात जायचं तर दिल्लीत बाराखंबा रोडवरच्या नेपाळी दूतावासाचं ना हरकत पत्र लागतं. दलाल ते काढत बसत नाही. तो व्हिजिट व्हिसा काढतो आणि सांगतो, "तिकडे गेल्यावर कामाचा करून देऊ."

पुढे काय होतं? कामगार परवान्याशिवाय गेला, म्हणजे त्याचा विमा नाही, परदेशी गेलेल्या कामगारांसाठीच्या कल्याणकारी कोषात त्याचं नाव नाही, आणि तक्रार करायची वेळ आली तर ज्याच्यावर करायची ती कंपनीच कागदावर नाही. पगार अडला किंवा मचाणावरून पडला, तर घरचे चौकशीला जातील कुठे?

आणखी एक सापळा आपल्याच बाजूचा. "आधार कार्ड आहे ना, मग इंडियन पासपोर्ट करून देतो" असं सांगणारे भेटतात. आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही. नेपाळी नागरिकाने खोटी माहिती देऊन भारतीय पासपोर्ट काढणं हा गुन्हा आहे आणि त्यात दलाल नव्हे, पासपोर्टवर ज्याचा फोटो आहे तो अडकतो.

वेळ कधी काढायची

कोकणात 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, बागेचा हंगामही तोवर आटोपतो आणि बरेच जण गावी जातात. कागदांचं काम याच दिवसांत उरकावं. दशैं-तिहार, म्हणजे आपला दसरा-दिवाळी, या काळात नेपाळची सरकारी कार्यालयं बरेच दिवस बंद असतात. तेव्हा गेलं तर रजा संपते आणि काम तसंच राहतं.

पहिली पायरी : नागरिकता आणि राहदानी

मूळ कागद म्हणजे नागरिकता प्रमाणपत्र, त्यानंतर राष्ट्रिय परिचयपत्राचा नंबर आणि मग पासपोर्ट, ज्याला नेपाळीत 'राहदानी' म्हणतात. पासपोर्टचा अर्ज ऑनलाइन भरून जिल्हा प्रशासन कार्यालयात किंवा काठमांडूच्या राहदानी विभागात बोटांचे ठसे आणि फोटो द्यायचा. 34 पानी साध्या पासपोर्टचं शुल्क 5,000 नेपाळी रुपये. (या लेखातले आकडे नेपाळी रुपयांत आहेत. 100 भारतीय म्हणजे 160 नेपाळी, हा दर ठरलेला आहे. 5,000 नेपाळी म्हणजे आपले 3,125.)

इथे चूक होते ती नावात आणि जन्मतारखेत. नागरिकतेवर तारीख विक्रम संवतात असते, पासपोर्टवर इसवी सनात. वजा सत्तावन्न असं ढोबळ गणित करून कुणी फॉर्म भरला की घोळ झालाच, कारण नेपाळी वर्ष एप्रिलच्या मध्यात सुरू होतं. पौषाच्या उत्तरार्धापासून चैत्रापर्यंतच्या जन्माला सत्तावन्न नव्हे, छप्पन्न वजा करावे लागतात. तारीख कन्व्हर्टरवर पाहूनच लिहावी. नावाचं तसंच. नागरिकतेवर 'बहादुर' वेगळा लिहिलेला असेल आणि पासपोर्टवर जोडून आला, तर पुढे व्हिसा, विमा, बँक अशा प्रत्येक खिडकीवर विचारणा होते. पासपोर्ट हातात पडला की तिथेच उभं राहून एकेक अक्षर ताडून घ्यावं.

दुसरी पायरी : छातीचा एक्स-रे, कर्जाच्या आधी

ही पायरी कुठल्याच सरकारी यादीत नाही, पण हिच्यामुळे सगळ्यात जास्त पैसे वाचतात. आखाती देशांच्या मेडिकलमध्ये क्षयाचा जुना, बरा झालेला डागही 'अनफिट' ठरवायला पुरतो. हेपटायटिस बी, सी आणि एचआयव्हीचंही तेच. ज्याला कधी टीबी होऊन गेला आहे किंवा ज्याला शंका आहे, त्याने सावकाराकडे जाण्याआधी जवळच्या सरकारी रुग्णालयात एक्स-रे आणि रक्ततपासणी करून घ्यावी. खर्च मामुली असतो.

अधिकृत मेडिकल मात्र निवड झाल्यावरच करायचं, आणि तेही मान्यताप्राप्त ठिकाणी. रिपोर्टची मुदत काही महिन्यांचीच असते. "आधी मेडिकल करून ठेव, डिमांड (म्हणजे परदेशी मालकाची कामगारांची मागणी) येईलच" असं कुणी म्हणालं तर समजावं की डिमांड आलेली नाही.

तिसरी पायरी : म्यानपावर आणि लट नंबर

कामगार पाठवणाऱ्या परवानाधारक कंपनीला नेपाळीत 'म्यानपावर' म्हणतात. तिच्याकडे नेपाळ सरकारच्या वैदेशिक रोजगार विभागाचा परवाना क्रमांक असतो. विभागाच्या फेइम्स नावाच्या ऑनलाइन प्रणालीवर तो परवाना चालू आहे की रद्द झाला, हे कळतं.

नुसता परवाना बघून थांबू नका. परदेशातल्या मालकाने कामगार मागितले की म्यानपावरला त्या मागणीसाठी विभागाची 'पूर्व स्वीकृति' घ्यावी लागते, आणि मंजूर मागणीला एक 'लट नंबर' मिळतो. त्यावरून देश, कंपनी, कामाचा प्रकार, जागा आणि पगार कळतो. मागणीची जाहिरातही राष्ट्रीय वर्तमानपत्रात निदान सात दिवसांची मुदत देऊन द्यावी लागते. म्हणून समोरच्याला पहिला प्रश्न 'पगार किती' हा विचारायचा नाही. "लट नंबर काय?" हा विचारायचा. खरा माणूस लगेच सांगतो. खोटा सांगतो की ही आतली डिमांड आहे, अजून बाहेर आलेली नाही.

गावातला 'एजंट' हा प्रकारही समजून घ्यायला हवा. पूर्वी म्यानपावरला गावोगावी नोंदणीकृत एजंट नेमता येत. 2019 च्या दुरुस्तीने ती तरतूदच काढून टाकली. तेव्हा स्वतःला एजंट म्हणवणारा माणूस, मग तो भावकीतला का असेना, कायद्याच्या दृष्टीने कुणीही नाही. त्याच्याकडून माहिती घ्यायला हरकत नाही. पैसे आणि पासपोर्ट मात्र थेट म्यानपावरच्या कार्यालयातच द्यायचे, आणि पासपोर्ट दिल्याची पोच घ्यायची.

विनापरवाना लोकांना पाठवणाऱ्याला 3 ते 7 वर्षं कैद आणि 3 ते 5 लाख दंडाची तरतूद आहे. घेतलेली रक्कम परत करायची, वर तिच्या निम्मी भरपाई द्यायची, असंही कायदा सांगतो. पण त्यासाठी पैसे दिल्याचा पुरावा लागतो, आणि बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं.

चौथी पायरी : पैसे किती आणि 'फ्री व्हिसा' म्हणजे काय

जुलै 2015 पासून सौदी, अमिराती, कतार, कुवेत, बहारीन, ओमान आणि मलेशिया या सात देशांसाठी नेपाळ सरकारचं 'फ्री व्हिसा, फ्री टिकट' धोरण आहे. व्हिसा आणि विमानभाडं मालकाने द्यायचं. म्यानपावरला सेवाशुल्क घेता येतं ते जास्तीत जास्त 10,000 रुपये, म्हणजे आपले 6,250. मलेशियाशी 2018 मध्ये झालेल्या करारात भरतीचा खर्च मालकावरच टाकला आहे.

प्रत्यक्षात काय चालतं? पावती दहा हजारांची आणि रोख घेतात लाख-दीड लाख. वर कामगाराला पढवतात : "कुणी विचारलं तर दहाच हजार दिले म्हण." कॅमेऱ्यासमोर तसं वदवूनही घेतात. एकदा तसं बोलला की कामगाराने स्वतःचीच तक्रार बुडवली. म्हणून पैसे बँकेतून, म्यानपावरच्या नावाच्या खात्यात भरावेत. रोखीशिवाय चालणारच नाही म्हणाले तर ती म्यानपावर सोडावी. तरीही कुणी रोख दिलेच असतील, तर तारीख, रक्कम आणि साक्षीदार वहीत लिहावेत आणि व्हॉट्सअ‍ॅपवर "आज इतके दिले" असा मेसेज टाकून ठेवावा. समोरून आलेला नुसता 'ओके'सुद्धा पुढे पुरावा म्हणून उपयोगी पडतो.

आता शब्दाची गंमत, जिच्यात भलेभले फसतात. आखातात 'फ्री व्हिसा' किंवा 'आझाद व्हिसा' म्हणजे दुसरंच काही. तिथला एखादा माणूस केवळ कागदावर मालक होतो, काम देत नाही, आणि कामगाराने स्वतः काम शोधून त्याला दरवर्षी पैसे द्यायचे असतात. ही पद्धत तिथल्या कायद्यात बसत नाही. दुसरीकडे काम करताना पकडला गेला तर हद्दपारी. दलाल सरकारी धोरणाचा हाच शब्द वापरून हा माल विकतो. एकच खूण लक्षात ठेवावी : सरकारी धोरणात कामगाराला व्हिसाचे पैसे पडत नाहीत. 'फ्री व्हिसा' पैसे मोजून मिळत असेल तर तो आझाद व्हिसाच.

कर्जाचा हिशोबही घरी बसून करावा. गावात शेकडा तीनने दीड लाख काढले तर महिन्याचं व्याज 4,500, वर्षाचं 54,000. कतारमध्ये मार्च 2021 पासून किमान मूळ पगार 1,000 रियाल आहे. रियालला 38 रुपयांच्या आसपास धरला तर तो 38,000 होतो. त्यातून महिना 25,000 घरी पाठवले तर 4,500 व्याजालाच जातात आणि मुद्दल फेडायलाच सात-आठ महिने लागतात. दहा हजारांत गेलेला माणूस पहिल्याच पगाराला मोकळा होतो.

पाचवी पायरी : करार वाचणे

इथे मराठी माणसाचा खरा उपयोग आहे, आणि त्याची फसगतही इथेच होते. लिपी एक, शब्द ओळखीचे, अर्थ निराळे. 'सम्झौता' म्हणजे तडजोड नाही, करार. 'तलब' म्हणजे चहाची किंवा तंबाखूची नव्हे, पगार. 'बिदा' म्हणजे सुट्टी, 'म्याद' म्हणजे कागदाची वैधता, 'अवधि' म्हणजे कराराची मुदत, 'दस्तुर' म्हणजे फी. 'खाना र बस्न' या ओळीपुढे काय लिहिलंय ते बारकाईने पाहा : जेवण आणि राहणं कंपनी देणार, की त्याचे पैसे देणार, की काहीच नाही?

पगारात मूळ पगार वेगळा काढा. "1,800 रियाल मिळतील" असं तोंडी सांगतात आणि कागदावर निघतात 1,000 मूळ, 500 राहण्याचे, 300 जेवणाचे. कतारच्या कायद्याप्रमाणे हे बरोबरच आहे, कारण मालकाने खोली आणि जेवण दिलं नाही तर हे 500 आणि 300 त्याला द्यावेच लागतात. पण खोली आणि मेस कंपनीची असेल तर हातात येणार 1,000. ओव्हरटाइम धरून पगार फुगवलेला असतो, तोही वेगळा काढावा. कतारमध्ये आठवड्याला 48 तास काम, त्यावरच्या तासाला निदान सव्वापट दर. मलेशियाच्या करारात किमान वेतनाचा आकडा तपासावा. फेब्रुवारी 2025 पासून तो महिन्याला 1,700 रिंगिट आहे.

कतारला जाणाऱ्याला काठमांडूच्या कतार व्हिसा सेंटरमध्ये जावं लागतं. ठसे, मेडिकल आणि करारावरची सही तिथेच होते. करार स्क्रीनवर नेपाळीत वाचता येतो. मागे रांग आहे म्हणून लोक न वाचता सही करतात. तसं करू नये. म्यानपावरच्या करारातला पगार, कामाचा प्रकार आणि कंपनीचं नाव या तीन गोष्टी कागदावर लिहून सोबत न्याव्यात आणि स्क्रीनशी ताडाव्यात. 'इलेक्ट्रिशियन' म्हणून निवडलेला माणूस स्क्रीनवर 'लेबर' दिसत असेल तर सही न करता बाहेर यावं. तिकडे उतरल्यावर वेगळा करार पुढे केला तर तो कराराचा भंग आहे. पगारातला फरक म्यानपावरकडून भरून घेण्याची तरतूद नेपाळच्या कायद्यात आहे, पण मूळ कराराची प्रत जवळ असेल तरच.

सहावी पायरी : श्रम स्वीकृति

व्हिसा आल्यावर चार गोष्टी जोडल्या जातात. पहिली, मुदत विमा, मृत्यूनंतर 10 लाखांचा. हप्ता वय आणि कराराच्या मुदतीप्रमाणे ठरतो. दुसरी, वैदेशिक रोजगार बोर्डाच्या कल्याणकारी कोषाची वर्गणी, तीन वर्षांपर्यंतच्या कराराला 1,500 आणि त्यापुढच्या कराराला 2,500 रुपये. तिसरी, अभिमुखीकरण प्रशिक्षण, म्हणजे ज्या देशात जायचं तिथले कायदे आणि रीतीभाती. चौथी, सामाजिक सुरक्षा कोषातली नोंदणी. प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र वर्गात न बसता विकत मिळतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरी बसावं. पगार अडला तर कुठल्या खिडकीवर जायचं हे तिथेच सांगतात.

म्यानपावर ही कागदपत्रं फेइम्सवर चढवते आणि विभाग श्रम स्वीकृति देतो. परवाना आल्यावर फेइम्सवर पासपोर्ट नंबर टाकून तो स्वतः तपासावा. कंपनीचं नाव आणि पगार करारातलाच दिसला पाहिजे. परवाना एका कंपनीचा आणि व्हिसा दुसरीचा असेल तर विमानात बसू नये.

ओळखीतून किंवा नातेवाइकामार्फत थेट नोकरी मिळाली असेल तर 'व्यक्तिगत' श्रम स्वीकृति काढता येते. त्यात म्यानपावर नसते, म्हणजे पुढे काही बिघडलं तर जबाबदार धरायलाही ती नसते. मालक भरवशाचा असेल तरच ही वाट धरावी.

काही देश बंद असतात. रशिया आणि युक्रेनसाठी श्रम स्वीकृति देणं जानेवारी 2024 मध्ये थांबवलं गेलं. स्त्रियांना आखातात घरकामासाठी पाठवण्यावर 2017 मध्ये संसदीय समितीच्या निर्देशावरून बंदी आली, आणि नेमका त्यामुळेच मुंबई-दिल्लीमार्गे चोरवाटेने बायकांना नेण्याचा धंदा फोफावला. घरकामाची ऑफर आली तर वाट आज उघडी आहे का, हे आधी विभागात विचारावं.

कोरियाची वाट वेगळी

दक्षिण कोरियात ईपीएस, म्हणजे परदेशी कामगारांसाठीच्या तिथल्या सरकारी परवाना योजनेतून जाणाऱ्यांसाठी म्यानपावरच नाही. 2007 पासून हा थेट दोन सरकारांमधला व्यवहार आहे आणि तो ललितपूरमधल्या ईपीएस कोरिया शाखेतून चालतो. वय 18 ते 39. कोरियन भाषेची परीक्षा द्यायची, पास झाल्यावर नाव यादीत जातं आणि तिथला मालक यादीतून निवड करतो. निकाल दोन वर्षं टिकतो. पास झालेला प्रत्येक जण जातोच असं नाही, आणि क्लासवाले हे सांगत नाहीत. निवड झाली तर सलग 4 वर्षं 10 महिन्यांपर्यंत राहता येतं. क्लासची फी भरण्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे रंग ओळखण्याची तपासणी करून घ्यावी. रंगांधळेपणा असेल तर भाषा कितीही चांगली आली तरी उपयोग होत नाही.

निघताना, आणि परत येताना

पासपोर्ट, व्हिसा, करार, श्रम स्वीकृति, विमा आणि पैशांच्या पावत्या यांचा एक संच घरी ठेवावा आणि फोटो काढून बायकोच्या किंवा भावाच्या फोनवर पाठवावेत. तिकडे उतरल्यावर पासपोर्ट कंपनीने ठेवून घेतला तर मागावा. कतारमध्ये तो काढून घेणं बेकायदेशीर आहे. घरी पैसे बँकेतून किंवा परवानाधारक रेमिटन्स कंपनीतूनच पाठवावेत. हुंडीवाला रियालला रुपया-दीड रुपया जास्त देतो, पण पैसे अडले तर दाद मागायला जागा राहत नाही.

सुट्टीवर गावी यायचं असेल तर निघण्याआधी परवान्याची म्याद बघावी. ती संपलेली असली तर परतताना काठमांडूच्या विमानतळावर अडवतात आणि तिकीट वाया जातं. त्यासाठी 'पुनः श्रम स्वीकृति' घ्यायची असते. ती फेइम्सवर ऑनलाइन भरता येते, तिकडे असताना नेपाळी दूतावासामार्फतही होते. विमा आणि कोषाची वर्गणी त्याच वेळी पुन्हा भरायची. आणि पहिल्या खेपेला मुंबईहून व्हिजिट व्हिसावर गेलेल्या माणसाकडे मूळ श्रमच नसतो, त्यामुळे त्याला 'पुनः' काहीच मिळत नाही. त्याला चालू कंपनीचे कागद जोडून आधी आपली नोंद नियमित करून घ्यावी लागते, आणि ते होईपर्यंत सुट्टीसाठी निघू नये.